पडायला शिकवणाऱ्या कमलबेन

कमलबेनच्या हॉलमध्ये नव्या मुलीला पहिल्या दिवशी उडी मारायला कुणी सांगत नसे. कोलांटी तर लांबच. तिला पडायला सांगत. मी सात वर्षांची असताना आईचा हात धरून त्या पत्र्याच्या हॉलच्या दारात उभी राहिले, तेव्हा ओढणी कमरेला गच्च बांधलेल्या, अनवाणी, बुटक्या पण भक्कम अशा एक बाई समोर आल्या. त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. गादीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पड."

मी आईकडे पाहिलं. आईनं बाईंकडे पाहिलं.

"कशी पडू?" मी विचारलं.

"कशीही. घरी पडतेस तशी."

मी पडले. म्हणजे आधी गुडघे टेकले, मग हात टेकले आणि सावकाश एका कुशीवर आडवी झाले. बाई हसल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "ही झोपली, पडली नाही. पडायला वेळ लागेल. रोज पाठवा." आणि वळून दुसऱ्या मुलीकडे गेल्यासुद्धा. घरी येताना आई वाटभर पुटपुटत होती, "पडायला शिकवायचा क्लास! घरी रोज पडते तेवढं पुरे नव्हतं का?"

पण तिनं मला पाठवलं. कारण तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. आम्ही सुरतेत लिंबायतला राहत होतो. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला, आई घरी बसून साड्यांना लेस लावायची. खोलीत साड्यांचे गठ्ठे छताला टेकलेले असत आणि मी त्यांच्या शेंड्यावर असे. तिथून उतरवलं की गच्चीच्या कठड्यावर. शेजारच्या काकूंनी एकदा मला त्या कठड्यावरून डुलत चालताना पाहिलं आणि त्या जिन्यातच मटकन बसल्या. त्यांनीच आईला हॉलचा पत्ता सांगितला. "मरायचंच असेल तर गादीवर तरी मरू दे," हे त्यांचे शब्द.

सुरतेत बाई कुठलीही असो, नावापुढे बेन लागतंच. कमलबेन मूळच्या आमच्याच खानदेशातल्या, शिंदखेड्याकडच्या. धुळ्याला शाळेत असताना तिथल्या कवायतीच्या बाईंनी त्यांना जिम्नॅस्टिक्सच्या बारवर चढवलं आणि त्या उतरायलाच तयार होईनात. पुढे जिल्ह्यासाठी खेळल्या, लग्न झालं, नवरा डाईंग मिलमध्ये, म्हणून सुरत. इथल्या एका लहानशा व्यायाम मंडळाकडे हा पत्र्याचा हॉल होता. त्यात तोवर फक्त मुलगे दंड-बैठका काढत. बेननी मंडळाच्या लोकांच्या मागे लागून संध्याकाळची वेळ मुलींसाठी मिळवली आणि मग ती वेळ हळूहळू दोन्ही बाजूंनी वाढवत नेली. मी गेले तोवर मुलगे सकाळचेच काय ते उरले होते.

त्यांची भाषा त्यांच्या मनावर अवलंबून असे. शिकवायच्या मराठीत. रागावल्या की गुजराती. आणि लाडात आल्या, किंवा फार आनंद झाला, की थेट अहिराणी. त्यामुळे नव्या मुली शब्द ऐकायच्या आधी भाषा ऐकत. गुजराती सुरू झाली की आम्ही आपोआप रांगेत उभ्या राहत असू.

हॉलच्या एका कोपऱ्यात त्यांनी खड्डा खणून घेतला होता. उंचावरून उडी मारली की त्यात पडायचं. असा खड्डा फोमच्या तुकड्यांनी भरतात, पण आमच्याकडे फोम कुठला? सुरतेत चिंध्यांना मात्र तोटा नाही. बेनचे यजमान दगडूकाका मार्केटमधून साड्यांच्या कातरणाची पोती आणत, दाभणानं शिवत आणि खड्ड्यात रचत. आमचे स्पर्धेचे कॉस्च्यूमही तेच शिवत. पोती कधीतरी उसवायचीच. मग आम्ही उडी मारून बाहेर यायचो ते केसात गुलाबी, पोपटी, सोनेरी दोरे घेऊन. रात्री आई माझ्या वेणीतून टिकल्या वेचत म्हणायची, "खेळून आलीस की वरातीतून?"

पहिले कित्येक दिवस मी फक्त पडले. पुढे, मागे, कुशीवर. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मोकळे. "अर्धवट पडतो त्याला लागतं," बेन म्हणायच्या. "पूर्ण पडणारा उठतो." मला वाटायचं, ही सगळी लहान मुलांची कामं आहेत. मला भीती ठाऊकच नव्हती. बेन एखादी नवी गोष्ट दाखवायच्या आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत मी ती करून मोकळी. बाकीच्या मुली "बेन, भीती वाटते" म्हणायच्या, तेव्हा बेन त्यांच्याशेजारी मांडी घालून बसत आणि तासन्‌तास बोलत. मला त्या मुलींचा थोडा हेवा वाटायचा, कारण माझ्याशी बसून बोलायचं बेनना काही कारणच पडत नसे.

एकदा सरिता नावाची एक मुलगी बीमवर चढून रडायला लागली होती. बीम म्हणजे चार बोटं रुंदीची लाकडी पट्टी, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. बेन खालून शांतपणे म्हणाल्या, "भेव वाटस ना? वाटू दे. ते तुनं शे, शेजारनं नही." भीती वाटते ना, वाटू दे, ती तुझी आहे, शेजारणीची नाही. सरिता रडता रडता हसली. मलाही ते गमतीचं वाटलं. त्याचा अर्थ कळायला मला बारा वर्षांची व्हावं लागलं.

बाराव्या वर्षी मी फ्लिक शिकत होते. पाठीमागे उडी घ्यायची, हातांवर जायचं आणि पुन्हा पायांवर यायचं, याला आम्ही फ्लिक म्हणतो. बघणाऱ्याला क्षणभराचं काम. करणाऱ्याला मात्र त्या क्षणात पुढचं जग सोडून न दिसणाऱ्या जगात उडी टाकायची असते. बेन एक हात माझ्या कमरेखाली आणि एक मांडीमागे धरून मला फिरवत. बरंच जमत आलं होतं. तेवढ्यात भाचीच्या लग्नासाठी बेन गावी गेल्या आणि हॉल त्यांच्या मदतीला असलेल्या जिग्नेशसरांकडे आला.

जिग्नेशसर तरुण होते, उत्साही होते, वाईट मुळीच नव्हते. त्यांना वाटलं, हिला हे येतंय, उगीच हाताची सवय लागलीय. एक दिवस त्यांनी माझ्या कमरेखाली हात धरला. मी गुडघे वाकवले, मागे झेपावले, आणि हवेत असताना मला कळलं की कमरेखाली हात नाही. मी डोळे उघडले. अंग आखडलं. डोकं आणि मान गादीवर आपटली.

फार लागलं नाही. मान आठवडाभर दुखली, आईनं मिठाच्या पुरचुंडीनं शेकली, झालं. पण आठवड्यानं मी हॉलमध्ये गेले, हात वर केले, गुडघे वाकवले, आणि पुढे काहीच घडेना. लूमवर धागा तुटला की कसा चालता लूम खटकन थांबतो, तसं. मी स्वतःला हुकूम देत होते आणि अंग ऐकत नव्हतं. पुन्हा हात वर, पुन्हा गुडघे, पुन्हा खट्‌. मैत्रिणी बघत होत्या. मी म्हटलं, पाय घसरतोय.

मग हळूहळू जे येत होतं तेही जायला लागलं. मागे वाकून हात टेकणं गेलं. मागची साधी कोलांटी गेली. बीमवर मागे पाऊल टाकणं गेलं. पाठीमागे जे जे काही होतं ते सगळं माझ्यापासून कुणीतरी काढून घेतलं होतं. गच्चीच्या कठड्यावरून चालणारी मी, जिन्यात पाठमोरी उतरेनाशी झाले.

बेन लग्नाहून परतल्या तेव्हा जिग्नेशसर त्यांना म्हणाले, "एने आवडे ज छे, बेन. नाटक करे छे." तिला येतंच, नाटक करतेय. मी जवळच उभी होते. बेननी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांना विचारलं, हात काढण्याआधी तिला सांगितलं होतंत का? सर म्हणाले, सांगितलं असतं तर तिनं केलंच नसतं.

"तो पछी ए एनी फ्लिक नहोती, भाई," बेन म्हणाल्या. "तमारी हती." मग ती तिची उडी नव्हती, तुमची होती.

आवाज चढला नव्हता. तरी सगळ्या मुली रांगेत उभ्या राहिल्या.

मला वाटलं, आता बेन माझ्यामागे लागतील. त्यांनी उलटंच केलं. म्हणाल्या, "आजपासून तुला फ्लिक बंद. करायची नाही. केलीस तर हॉलबाहेर." मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. मग त्या माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"भीती. अंगात कुठं आहे, हात लावून दाखव."

मी मानेला हात लावला. मग विचार करून पोटाला लावला. बेन मान हलवत राहिल्या, डॉक्टर ऐकतात तशा. "भीतीला हाकलू नको," त्या म्हणाल्या. "तिला बसायला पाट दे. उभी राहिली की ती जास्त बडबडते. बसली की आपली आपण गप्प होते." आणि मला लहान मुलींच्या रांगेत पाठवलं, पडायला.

बारा वर्षांची मी, सहा-सात वर्षांच्या पोरींबरोबर हनुवटी छातीला लावून पडत होते. लाज वाटत होती. पण मागे पडणं तेवढं एक मला जमत होतं आणि बेननी ते नेमकं हेरलं होतं. रोज जाताना त्या एवढंच म्हणायच्या, "आज कालचंच कर. नवं उद्या स्वतःहून मागायला येईल."

त्याच सुमारास जिल्ह्याची स्पर्धा आली. माझं नाव आधीच दिलेलं होतं. फ्लिक काढून टाकून बेननी माझा फ्लोअरचा, म्हणजे गादीवर संगीताबरोबर करायच्या कसरतींचा, क्रम साधा करून दिला. त्यात मागे जाणारी फक्त एक गोष्ट ठेवली, हात टेकून सावकाश मागे वळणं. ते मला पुन्हा जमायला लागलं होतं. पण त्या मोठ्या हॉलमध्ये, लोकांसमोर, त्या जागी आले आणि खट्‌. हात वर, पाठ वाकलेली, आणि मी पुतळा. संगीत पुढे चाललं. कुणीतरी हसलं. मी हात खाली घेतले आणि धावत बाहेर आले. बेनच्या कुशीत शिरायचं एवढंच मला दिसत होतं.

बेननी मला खांद्याला धरून थांबवलं. "सलाम केला?"

खेळ संपला की परीक्षकांकडे वळून दोन्ही हात वर करायचे असतात. मी नाही म्हटलं.

"जा. करून ये."

"बेन, नको ना..."

"मंजू," त्या खाली वाकून म्हणाल्या, "थांबलेलं चालतं. पळालेलं नाही. तू थांबलीस, त्यात काही वाईट नाही. आता जा आणि सांग त्यांना, मी इथंवर आले होते."

मी परत गेले. गादीच्या मधोमध उभी राहिले, रडत रडत दोन्ही हात वर केले. टाळी वाजवणारं माणूस एकच होतं, पण ती टाळी अख्ख्या हॉलमध्ये ऐकू गेली.

त्या दिवसानंतर वडिलांनी ठरवलं की आता बस. बेन घरी आल्या. साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत जमिनीवर बसल्या. वडील म्हणाले, "बेन, तुमच्यावर विश्वास आहे. पण पोरगी घाबरते, तर कशाला? उद्या मान मोडली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

मला वाटलं होतं, बेन त्यांना पटवतील. त्या म्हणाल्या, "तुमची भीती खरी आहे, भाऊ. मीही रोज तीच घेऊन हॉलमध्ये जाते. तिला हे सोडायचं असेल तर सोडू दे. मी स्वतः पेढे आणीन. पण घाबरून सोडायला नको. आवडत नाही म्हणून सोडलेलं विसरता येतं. घाबरून सोडलेलं जन्मभर मागं लागतं."

वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू." दिवाळीला लूम बंद होतात आणि आम्ही गावी जातो. सुरतेतल्या आमच्या लोकांचं वर्ष दिवाळीलाच संपतं.

बेन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथं भिंतीला टेकवलेल्या सायकलवर त्यांची नजर पडली. ती माझ्या मोठ्या बहिणीला शाळेतून मिळालेली. "ही चालवायला कुणाला येते?" मी म्हटलं, मला. "मग रविवारी सकाळी हॉलच्या मागच्या मैदानात घेऊन ये," बेन म्हणाल्या. "मला शिकव."

आम्हाला सगळ्यांना हसू आलं. बारवर गिरक्या घेतलेल्या बाईला सायकल येत नाही? पण खरंच येत नव्हती. लहानपणी गावात मुलींना कुणी सायकलला हात लावू देत नव्हतं आणि नंतर त्यांना भीती वाटायला लागली होती. "पोरींना उठता बसता नवं शिका म्हणते," त्या म्हणाल्या, "आणि मी स्वतः किती वर्षांत काही नवं शिकले नाही. तोंड दाखवायला जागा नाही."

रविवारी मी सायकल धरली. बेन बसल्या. दोन्ही पाय उचलले आणि किंचाळल्या, "मरनू वं माय! धर, धर!" मेले गं आई. मी मागून सीट घट्ट धरून पळत होते. घामानं चिंब झाले. बेननी हँडल असं आवळून धरलं होतं की सायकल सरळ जाणंच शक्य नव्हतं. बीमवर उभी राहून चहा पिऊ शकेल अशी ती बाई, तिचे पाय सारखे पेडलवरून निसटत होते. मी ते जवळून पाहिलं. तिची भीती खरी होती. मला दाखवण्यापुरती नव्हती.

सायकल शिकवायची सगळ्या जगाची एकच रीत आहे. धरलंय, धरलंय म्हणायचं आणि गुपचूप सोडून द्यायचं. मलाही बहिणीनं तसंच शिकवलं होतं. माझ्या मनात ते येतच होतं, तेवढ्यात बेन मागे न बघता म्हणाल्या, "मंजू, सोडायच्या आधी सांगायचं."

"सांगितलं तर तुम्ही घाबराल."

"घाबरेन. माझं मी घाबरेन. पण सांगायचं."

मग दर रविवारी मी विचारत राहिले, "सोडू?" आणि त्या म्हणत राहिल्या, "नको." आणखी एक फेरी. "सोडू?" "नको." मला कंटाळा यायचा. कधी रागही यायचा. यांना येतंय, सायकल सरळ चाललीय, मग एवढं काय? जिग्नेशसरांना माझ्याबद्दल जे वाटलं होतं, तेच मला बेनबद्दल वाटत होतं. हे लक्षात आलं तेव्हा मी पळता पळता मनातच थबकले. त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं. नुसती पळत राहिले.

नवरात्र संपलं होतं. हवेत सकाळचा जरा गारवा होता. बेननी हँडल नेहमीपेक्षा सैल धरलं होतं. अर्धं मैदान गेल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, "सोड."

माझा हातच सुटेना. भीती मलाच वाटली.

"अगं, सोड म्हणते ना!"

"सोडते!" मी ओरडले आणि सोडलं. बेन गेल्या. ओढणी कमरेला बांधलेली, पाठ ताठ, एकट्या, सरळ, मैदानाच्या पार टोकापर्यंत. ब्रेक दाबायचा असतो हे त्या विसरल्या आणि समोरच्या वाळूच्या ढिगात जाऊन पडल्या. पडल्या मात्र नमुनेदार. हनुवटी छातीला, पाठ गोल. मी धापा टाकत पोहोचले तर त्या वाळूत बसून अहिराणीत हसत होत्या. "दख, मना हातपाय समदा शाबूत शेत!" बघ, माझे हातपाय सगळे शाबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेल्यावर मी म्हटलं, "बेन, फ्लिकची बंदी कधी उठणार?"

"तू विचारलंस की," त्या म्हणाल्या. "आज विचारलंस."

त्यांनी मला पहिल्या पायरीवर नेलं. चिंध्यांच्या पोत्यांचा उतार रचला. आधी त्यावरून नुसतं मागे लोळणं. मग त्यांच्या गुडघ्यावरून मागे वळणं. मग उभं राहून, त्यांचे दोन्ही हात. एक हात. मी दर वेळी विचारायचे, "हात आहे?" त्या सांगायच्या, "आहे." पुढे सांगायच्या, "बोटं आहेत." एकदाही खोटं बोलल्या नाहीत. कधी मी मधेच थांबले तर म्हणायच्या, "थांबलीस? बरं केलंस. ये, पाणी पी." आणि एका पायरीनं आम्ही खाली यायचो. त्यांना वर जायची जेवढी घाई नव्हती, तेवढीच खाली यायची लाजही नव्हती.

दिवाळीला गावी जायच्या आदल्या संध्याकाळी मी गादीवर उभी होते. बेन बाजूला गुडघ्यावर बसलेल्या, हात तयार. मी हात वर केले. मान, पोट. भीती होती जिथल्या तिथं. पण बसलेली होती.

"बेन, सोडा," मी म्हटलं.

त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. त्या उठल्या आणि मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम पाय आपटत मागे गेल्या. धप, धप, धप. मग मोठ्यानं म्हणाल्या, "सोडलं."

मी गुडघे वाकवले. पत्रे दिसले, मग उलटा दरवाजा, उलट्या मैत्रिणी, मग हाताखाली गादी, मग पायाखाली गादी. मी उभी होते.

"परत," बेन म्हणाल्या.

मी परत केली.

"परत. पहिली होते ती नशिबानं. पुढच्या आपल्या."

मी करत राहिले, कारण आता थांबवत नव्हतं. शेवटी मी वळून पाहिलं तर बेन पाण्याच्या माठाकडे तोंड करून चष्मा पुसत होत्या, आणि जिग्नेशसर त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानंतर त्यांनी कुणालाही धरलं की हात काढण्याआधी मोठ्यानं विचारू लागले, "छोडुं?" आणि मुलगी "हा" म्हणेपर्यंत धरून उभे राहत. आज ते कतारगामला स्वतःचा क्लास चालवतात, उत्तम चालवतात.

पुढच्या वर्षी मी बडोद्याला राज्य स्पर्धेला गेले. वडील खाडा करून आले होते. त्यांनी मला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. माझ्या क्रमात लागोपाठ दोन फ्लिक होत्या. दुसरीनंतर मी एक पाऊल मागे सरकले, तेवढे गुण गेले. मी पाचवी आले. वडील वर बाकांवर उभे राहून शेजारच्या अनोळखी माणसाला मराठीत सांगत होते, "ती माझी. ती निळ्या कॉस्च्यूमवाली. माझी." आई म्हणते, परतल्यावर गल्लीत त्यांनी पाचवी हा शब्द असा उच्चारला की लोकांना वाटलं, पहिल्यापेक्षा मोठा नंबर असावा.

बेन परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाचवी आलीस ते चांगलंच. पण पहिल्या उडीच्या आधी तू घाई केली नाहीस. श्वास घेतलास, भीतीला जागा करून दिलीस, मग निघालीस. ते कागदावर कुठं लिहीत नाहीत. मी पाहिलं."

मी पुढे राज्यात तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि परत बेनच्याच हाताखाली आले. बेन त्या वयातही सायकलवरून हॉलला यायच्या. त्यांच्याकडे धाडसी मुलींपेक्षा भित्र्या मुलीच जास्त येत. दुसऱ्या क्लासमधून "हिचं काही होणार नाही" म्हणून पाठवलेल्या. त्यातल्या काही पदकं घेऊन गेल्या, बऱ्याच नुसत्याच ताठ मानेनं गेल्या. बेन सगळ्यांसाठी सारख्याच टाळ्या वाजवत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी काम थांबवलं. दगडूकाकांना गावची ओढ लागली होती. मंडळानं निरोपाचा कार्यक्रम केला. अध्यक्षांनी बेनच्या विद्यार्थिनींनी मिळवलेल्या पदकांची यादी वाचली, ती बराच वेळ चालली. मग बेनना बोलायला उभं केलं. त्या माइकपासून लांबच उभ्या राहिल्या.

"माझ्या हातून एकही पोर मोडली नाही," त्या म्हणाल्या. "मनानंही नाही. एवढंच मला सांगता येईल." आणि खाली बसल्या.

मी त्या हॉलमध्ये इतकी ताठ कधीच बसले नव्हते. एकही पोर मोडू न दिलेल्या त्या बाईच्या हाताखालची मी होते.

त्यांना सोडायला आम्ही उधना स्टेशनवर गेलो होतो. नंदुरबारकडे जाणारी गाडी लागली होती. दगडूकाका शिलाई मशीन सीटखाली सरकवण्यात गुंतले होते. बेन खिडकीशी बसल्या आणि सगळ्यांचे नमस्कार घेतल्यावर मला म्हणाल्या, "हॉल कुणी उघडला?"

"बेन, आज म्हटलं उशिरा..."

"का? मी चालले म्हणून? पोरी आल्या असतील. जा तू."

"गाडी तरी सुटू दे."

"गाडी सुटायची तेव्हा सुटेल. तिला तुझी गरज नाही. जा मन्ही माय, नीघ."

मी निघाले. खरंच निघाले, गाडी हलायच्या आत. रिक्षात बसून लिंबायतला पोहोचेपर्यंत पदरानं डोळे पुसत होते आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. पोरी दाराबाहेर ताटकळत असतील, चहावाल्याकडे ठेवलेली हॉलची किल्ली घ्यायची, गाद्या घालायच्या, आधी त्यांची समजूत काढायची, काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती.

हॉलचं दार सताड उघडं होतं. किल्ली कुणीतरी केव्हाच आणली होती. गाद्या कडेला कड लावून घातलेल्या होत्या, पोती रचलेली होती, आणि मोठ्या मुली पुढे उभ्या राहून लहानग्यांकडून व्यायाम करून घेत होत्या. जिला गेल्या महिन्यापर्यंत चारचौघांत तोंड उघडायचं धाडस नव्हतं, ती खणखणीत आवाजात आकडे म्हणत होती. मी दारात उभी होते. माझ्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.